पसरा आणि परसबाग



मी रायपूरहून बोलते आहे. छत्तीसगडची राजधानी म्हणून आज हे शहर तुम्हाला माहीत असेल, पण इथली मराठी घरं फार जुनी आहेत, भोसल्यांच्या अमलापासूनची. तात्यापारा हा आमचा मराठी घरांचा जुना भाग. तिथून पायी निघालं की थोड्याच वेळात गोल बाजार लागतो. किराणा, मसाले, पूजेचं सामान, बांगड्या, भांडी, जडीबुटी, सगळं तिथे मिळतं. आज मला या बाजारातल्या एका दिवसापासून सुरुवात करायची आहे.

आपल्या पंचांगाप्रमाणे श्रावण वद्य षष्ठी. इथे तिला कमरछठ म्हणतात, कुणी हलषष्ठी म्हणतात. आया मुलांसाठी हा उपास करतात. नांगरानं पिकवलेलं त्या दिवशी काही खायचं नाही, असा नियम आहे. गाईचं दूध चालत नाही, म्हशीचं चालतं. तांदूळ खायचा तो पसहर, म्हणजे तळ्याच्या काठाला आणि खाचरांत आपोआप उगवणारा. सोबत सहा प्रकारच्या भाज्या हव्यात. आदल्या दिवशी गोल बाजारात आणि आजूबाजूच्या रस्त्यांवर खेड्यांतून आलेल्या बायका पोती अंथरून बसलेल्या दिसतात. अशा जमिनीवर मांडलेल्या दुकानाला छत्तीसगडीत पसरा म्हणतात. आपल्या 'पसारा' या शब्दाचाच तो भाऊ. त्या पसऱ्यांवर पसहरचे छोटे छोटे ढीग असतात आणि साध्या तांदळाच्या कितीतरी पट भावानं ते विकले जातात. मोटारीतून उतरणाऱ्या बायका त्या दिवशी घासाघीस करत नाहीत.

आता तुम्ही पुण्यात असा, बेळगावात असा नाहीतर इंदुरात, हे ऐकताना तुम्हाला काहीतरी आठवलं असेल. बरोबर, ऋषिपंचमी. कमरछठनंतर साधारण पंधरवड्यानं येते. आपणही त्या दिवशी बैलाच्या श्रमाचं खात नाही. परसात हातानं लावलेलं, वेलीवरचं, कुंपणावरचं गोळा करून ऋषीची भाजी करतो. आणि हा पसहर कोकणात देवभात म्हणून ओळखीचा आहे.

व्रतवैकल्यांवर बोलायला मी आलेली नाही. मला यात रस आहे तो एवढ्यासाठी की वर्षातून एकदा सगळं शहर अशा अन्नाच्या शोधात निघतं, जे शेतातून येत नाही. ते तळ्याच्या काठावरून येतं, घरामागच्या वाफ्यातून येतं, आणि कुणीतरी बाई ते डोक्यावरून बाजारात आणते. उरलेले ३६४ दिवस आपण ही वाट विसरतो. माझं म्हणणं असं की शहराची अन्नसुरक्षा याच वाटेवर अवलंबून आहे.

आधी हिशेब करू. २०१३च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्यानं प्राधान्य गटातल्या माणसाला महिन्याला ५ किलो धान्य मिळतं. जानेवारी २०२३पासून ते मोफत आहे. दिवसाला १६७ ग्रॅमच्या आसपास धान्य झालं. छत्तीसगडनं तर राष्ट्रीय कायद्याच्याही आधी, डिसेंबर २०१२मध्ये, स्वतःचा कायदा केला. त्याआधी २००४मध्ये इथली रेशन दुकानं खासगी दुकानदारांकडून काढून पंचायती, सहकारी संस्था आणि बचत गटांकडे दिली. २०१२मध्ये रायपूर शहरात कार्डधारकाला आवडेल त्या दुकानातून धान्य घेण्याची सोय झाली. एक दुकानदार नीट वागला नाही, तर दुसऱ्याकडे जाता येऊ लागलं. ही कामं लहान नाहीत. रेशनची चेष्टा करणाऱ्यांना मी नेहमी सांगते, आधी रिकामा डबा बघा, मग बोला.

पण राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४मध्ये रोजचं आदर्श ताट सांगितलं आहे, ते बघा. २००० कॅलरींच्या ताटात धान्य साधारण २५० ग्रॅम आणि भाज्या ४०० ग्रॅम. धान्याचा बराचसा वाटा कार्डावर मिळतो. भाजीचा वाटा कार्डावर शून्य आहे. पाच माणसांच्या घराला दिवसाला २ किलो भाजी लागेल, महिन्याला ६० किलो. सरासरी ३० रुपये किलो धरली तरी १८०० रुपये होतात. धुणीभांडी करणाऱ्या किंवा हातगाडी ओढणाऱ्या माणसाच्या घरात हे पैसे कुठून येणार? म्हणून मग भात असतो, मीठ असतं, थोडी डाळ आणि चटणी असते. पोट भरतं. पण रक्त कमी राहतं.

काही वर्षांपूर्वी आम्ही आमच्या वसाहतीत यावर उपाय करायला निघालो. मोकळा पडलेला एक तुकडा होता, साधारण दोन गुंठ्यांचा. तीस घरं एकत्र आली. मुंबईच्या गच्चीवरच्या बागांबद्दल वाचलं होतं. कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोलकरांचं प्रयोग परिवाराचं काम काही जणांना माहीत होतं. दहा गुंठ्यांत पाच माणसांचं कुटुंब नीट जगू शकतं, हा त्यांचा विचार. उत्साह भरपूर होता. आम्ही ब्रोकोली लावली, लेट्यूस लावलं, छोटे टोमॅटो लावले. फेब्रुवारीपर्यंत फोटो सुंदर आले. एप्रिलमध्ये सगळं करपलं.

गोल बाजाराजवळ एक बाई बसते. वय साठीच्या पुढचं. आम्ही तिला दाई म्हणतो, ती मला नोनी म्हणते, म्हणजे पोरी. तिच्याकडे बी विचारायला गेले आणि काय काय लावलं होतं ते सांगितलं. ती हसली आणि म्हणाली, "नोनी, ये तो साहब मन के भाजी ए, गरमी मा नइ बाँचय." साहेब लोकांची भाजी आहे ही पोरी, उन्हाळ्यात टिकायची नाही. मग तिनं बोटांवर मोजून सांगितलं. अमारी लावा, म्हणजे आपली अंबाडी. चेच लावा, ती ज्यूटच्या कुळातली पालेभाजी. खेडा लावा, देठाच्या माठासारखी. कुंपणाला मुनगा, म्हणजे शेवगा. ओल राहते तिथे करमत्ता, म्हणजे नाळीची भाजी. आणि पहिल्या पावसानंतर चरोटा लावावाच लागणार नाही, तो येईलच. चरोटा म्हणजे टाकळा, आपण ज्याला तण समजून उपटत होतो.

छत्तीसगडमध्ये छत्तीस भाज्या म्हणतात. मोजायला गेलात तर जास्तच भरतील. या सगळ्यांची माहिती कुठल्या कचेरीत नाही, ती या पसऱ्यांवर बसलेल्या बायकांकडे आहे. आपल्याकडे अकोल्याच्या कोंभाळण्यात राहीबाई पोपेरेंनी गावरान बियाणं जपलं, २०२०मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्या काम कुठून सुरू करतात? परसबागेतून. छत्तीसगडीत परसबागेला बाडी म्हणतात. विदर्भातल्या मंडळींना हा शब्द परका वाटणार नाही. भंडारा-गोंदियाकडचा मरार समाज आणि इथला मरार-पटेल समाज, दोघांचाही पिढीजात धंदा भाजी पिकवण्याचा. त्यांची शाकंभरी जयंती पौष पौर्णिमेला असते, आणि त्याच दिवशी इथे छेरछेरा असतो. मुलं दारोदार जाऊन धान मागतात आणि कुणी त्यांना रिकाम्या हातानं पाठवत नाही. भाजीची देवी आणि धान्याचं दान एकाच दिवशी यावं, हे मला फार आवडतं.

तर आम्ही दाईचं ऐकलं. बाग जगली. पण वर्षाच्या शेवटी मी वही काढून बसले. दोन गुंठे म्हणजे साधारण २०० चौरस मीटर. वाटा, पाण्याची टाकी, खताचा खड्डा वजा केला तर वाफे १०० चौरस मीटर. संयुक्त राष्ट्रांची अन्न व शेती संघटना म्हणते की नीट सांभाळलेल्या बागेत एका चौरस मीटरला वर्षाला २० किलोपर्यंत अन्न निघू शकतं. म्हणजे आमची कमाल झाली २००० किलो. आणि तीस घरांची गरज? महिन्याला १८०० किलो, वर्षाला २१,६०० किलो. सगळं उत्तम जमलं असतं तरी दहावा हिस्साही भरला नसता. प्रत्यक्षात आमच्या हाती त्या कमालीच्या चौथाईही आलं नाही.

मला त्या रात्री वाईट वाटलं. वसाहतीतल्या बागांवर बोलणारे लोक हा हिशेब सहसा सांगत नाहीत, म्हणून मी मुद्दाम सांगते आहे. दोन गुंठ्यांची बाग तीस घरांना जेवू घालत नाही. मग ती कशासाठी? आमच्या बागेनं आम्हाला भाजी ओळखायला शिकवलं. मुलं चरोटा खाऊ लागली. आणि मुख्य म्हणजे आम्ही दाईला प्रश्न विचारू लागलो. भाजी कुठून येते, किती वाजता उठतेस, पैसे कुठून आणतेस.

पैशांचं उत्तर ऐकून आम्ही गप्प झालो. सकाळी ९०० रुपये उचलायचे आणि संध्याकाळी १००० फेडायचे, हा व्यवहार देशभरच्या भाजीबाजारांत जुना आहे. दाईही तेच करत होती. दिवसाला शंभर रुपये, म्हणजे महिन्याचे तीन हजार, फक्त दुसऱ्याचे पैसे दिवसभर वापरल्याबद्दल. आम्ही तिच्याशी पाच रुपयांसाठी घासाघीस करत होतो.

मग आम्ही ठरवलं. दर घरानं महिन्याच्या सुरुवातीला ५०० रुपये द्यायचे. तीस घरांचे १५ हजार झाले. ते दाई आणि तिच्याच गावाकडच्या आणखी चार बायकांना आगाऊ द्यायचे. त्यांनी आठवड्यातून दोनदा बाडीतली भाजी आणायची, जी निघेल ती. काय निघेल हे बाडी ठरवेल, आम्ही नाही. आमच्या बागेतल्या खड्ड्यातलं खत त्यांच्याकडे जाईल, त्यांच्याकडचं बी आमच्याकडे येईल.

पहिला हिवाळा मजेत गेला. मग पावसाळा आला. सलग झडीनं पालेभाजी सडली. तीन आठवडे टोपलीत भोपळा आणि थोडी अंबाडी, एवढंच. आमच्या बैठकीत आवाज चढले. "पैसे घेतलेत ना? मग भाजी कुठे?" एका काकांनी तर हिशेबाचा कागद टेबलावर आपटला. त्यांचंही चुकत नव्हतं, त्यांनी पैसे मोजले होते. दाई त्या बैठकीला आली होती. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं १५०० रुपये परत आणून ठेवले. ते तिनं कुठून आणले असतील, हे आता तुम्हाला सांगायला नको. पुन्हा सकाळच्या ९००मधूनच.

ते पैसे बघून आम्हाला कळलं की आम्ही नेमकं काय केलं होतं. फायदा वाटून घ्यायची आमची तयारी होती, नुकसान वाटून घ्यायची नव्हती. पुन्हा बैठक झाली. पैसे तिला परत दिले. नऊ घरं बाहेर पडली, एकवीस राहिली. राहिलेल्यांनी एक नियम लिहिला. पीक बुडालं तर तो तोटा सगळ्यांचा, आणि दर महिन्याच्या पैशांतले ५० रुपये त्यासाठी बाजूला ठेवायचे. तो नियम अजून चालू आहे.

यालाच जगात सॉलिडॅरिटी इकॉनॉमी म्हणतात. मी त्याला सोबतीचं अर्थकारण म्हणते. नाव नवं असेल, गोष्ट आपल्याकडे जुनी आहे. सावड माहीत आहे ना? आज तुझे बैल माझ्या शेतात, उद्या माझे तुझ्या. इर्जिक माहीत आहे? एकाच्या शेताला सगळा गाव जुंपायचा आणि संध्याकाळी त्याच्याकडे जेवायचं. मुंबईत १९७५मध्ये प्रेमाताई पुरव यांनी गिरणी कामगारांचे डबे करणाऱ्या खानावळवाल्या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. त्या बायकांचाही मुख्य त्रास सावकाराचा होता. जपानमध्ये १९७०च्या दशकात शहरातल्या आयांनी शेतकऱ्यांशी थेट जोडून घेतलं, त्याला तेइकेई म्हणतात. तिथेही तत्त्व हेच, पिकाची जोखीम दोघांची.

अर्जेंटिनातलं रोसारिओ शहर याबाबत मला सगळ्यात जवळचं वाटतं. २००१मध्ये तिथली अर्थव्यवस्था कोसळली आणि हजारो लोक बेकार झाले. २००२मध्ये तिथल्या महापालिकेनं शहरी शेतीचा कार्यक्रम सुरू केला. पडीक सरकारी जमीन लोकांना कसायला दिली, शिकवलं, आणि पिकलेलं विकायला शहरात बाजारासाठी जागा दिली. २०२१मध्ये त्या कामाला शहरांसाठीचा एक मोठा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला. जमीन आणि बाजार, दोन्ही एकाच वेळी दिले, हे लक्षात घ्या. नुसती बाग दिली असती तर भाजी बागेतच वाळली असती.

आमच्या राज्यातही प्रयत्न झाले. नरवा, गरुवा, घुरुवा, बाडी अशी योजना आली. ओढा, गुरं, उकिरडा आणि परसबाग, चौघांना एकत्र बांधायचं. २०२०च्या हरेलीपासून सरकारनं २ रुपये किलोनं शेण विकत घ्यायला सुरुवात केली, बचत गटांनी खत केलं, कुठे सामुदायिक बाड्या केल्या. २०२३च्या शेवटी सरकार बदललं आणि ती शेणखरेदी थांबली. कुणाचं बरोबर, कुणाचं चूक, हा वाद मी इथे घालत नाही. मी एवढंच शिकले की सरकारचं पाठबळ हवंच, पण निवडणुकीच्या निकालावर ज्याचा जीव अवलंबून आहे त्याच्या जोडीला आपली स्वतःचीही एक गाठ बांधलेली असावी.

आता काळजीची गोष्ट सांगते. ही वाट दोन ठिकाणी तुटते आहे. एक, पाणी. रायपूर तळ्यांचं शहर होतं. बुढा तलाव अजून आहे, पण कित्येक तळी बुजवली गेली. राजबंधा नावाचं तळं होतं, आता राजबंधा मैदान आहे. नाव राहिलं, पाणी गेलं. तळं गेलं की काठचा करमत्ता जातो, पसहर जातो, आजूबाजूच्या विहिरी खोल जातात आणि बाडी सुकते. मग तीच जमीन प्लॉट म्हणून विकली जाते. दोन, बसायची जागा. बाजार चकाचक करायचा म्हटलं की पहिल्यांदा उठवला जातो तो पसरा.

इथे आपल्या हातात एक कायदा आहे, तो नीट माहीत करून घ्या. पथविक्रेता अधिनियम, २०१४. त्यात म्हटलंय की सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रं मिळेपर्यंत कुणाही विक्रेत्याला उठवता येत नाही. नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांमधून निवडलेले असले पाहिजेत आणि त्यांतल्या एक तृतीयांश स्त्रिया. आणि ज्या जागी पन्नास वर्षांहून अधिक काळ बाजार भरतो, तो वारसा बाजार समजायचा, तिथल्या विक्रेत्यांना हलवायचं नाही. तुमच्या शहरात असा बाजार नाही का? मंडई असेल, आठवडी बाजार असेल, देवळाजवळची भाजीची रांग असेल. किती वर्षं भरतो, हे विक्रेत्यांपेक्षाही त्यांची गिऱ्हाइकं सांगू शकतात. तुमच्या आजीनं तिथून भाजी घेतली असेल तर तेही सांगण्यासारखं आहे, आणि ते लेखी द्या.

तीन विनंत्या करते आणि थांबते.

पहिली. तुमच्या भागातल्या शाळेत परसबाग आहे का ते बघा. शालेय पोषण बागांसाठी केंद्र सरकारच्या २०१९च्या मार्गदर्शक सूचना आहेत, जागा नसेल तर गच्चीवर, कुंड्यांत करा असंही त्यात आहे. महाराष्ट्रात उमेद अभियानानं 'माझी पोषण परसबाग' मोहीम चालवली आहे. दुपारच्या खिचडीत मुठभर शेवग्याचा पाला पडला तरी ते काम आहे.

दुसरी. वसाहतीत बाग करणार असाल तर जरूर करा, पण आधी तुमच्या भाजीवालीला बोलवा. तिला विचारा काय लावायचं. आणि ती आली की खुर्ची द्या, तिच्याशी उभ्या उभ्या बोलू नका.

तिसरी. दहा घरं मिळून एका भाजीवालीला महिन्याचे पैसे आगाऊ देऊन बघा. पाऊस पडेल, भाजी सडेल, तुमच्याही बैठकीत आवाज चढतील. तोट्याचा नियम पहिल्याच दिवशी लिहून ठेवा. आम्ही तो उशिरा लिहिला आणि त्याची किंमत दाईनं मोजली.

या वर्षी कमरछठच्या आदल्या दिवशी मी गोल बाजारात गेले होते. दाईच्या पसऱ्यावर पसहरचे पाच ढीग होते. मी भाव विचारला तर म्हणाली, "तुला भाव कशाला? महिन्याच्या पैशांत धर." मी म्हटलं, "दाई, पसहर महाग असतो." त्यावर तिनं दोन मुठी जास्तच टाकल्या. सहावी भाजी मात्र तिच्याकडे नव्हती, ज्या तळ्याकाठून ती आणायची तिथे आता भिंत बांधली आहे. ती मी आमच्या बागेतून नेऊन दिली. करमत्त्याची एक जुडी.